एका शिट्टीत निंबापाशी

आमच्या ड्रिल मास्तरांना एकच कान आहे, असं गावात सांगत. ते खोटं होतं. कान दोन्ही होते. त्यातला डावा तेवढा धुळ्याच्या तालमीत मोडून भज्यासारखा झाला होता. मी शाळेत बाई म्हणून नवी लागले त्याच आठवड्यात धीर करून त्यांना विचारलं, की मास्तर, आयुष्यात मारामाऱ्या किती केल्यात? ते म्हणाले, "एक. त्यात हा गेला. पुढे प्रत्येक वेळी पळालो, म्हणून दुसरा शाबूत आहे."

हे त्यांनी हसत सांगितलं असतं तर मीही हसले असते. पण ते हसले नाहीत. ते कधीच हसत नसत, आणि चेष्टाही करत नसत. हे कळायला मला फार दिवस लागले, कारण त्यांचं निम्मं बोलणं चेष्टाच वाटे.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. आमचं गाव धरणगावच्या बाजूचं, कापसाचं. गावात जिनिंग होतं, बाजार होता, आणि धान्याच्या दुकानाच्या माडीवर मुलींची शाळा होती, सातवीपर्यंत. खाली ज्वारीची पोती उतरली की वर भूगोल बंद पडे. मुलींना कवायत असावी असा वरून हुकूम आला, तेव्हा धुळ्याहून हे मास्तर आले. अंगानं भक्कम, डोक्याला काळी टोपी, कोटाची सगळी बटणं लावलेली आणि हातात बारा महिने छत्री. खानदेशातल्या उन्हाळ्यात छत्री वापरणारे पुष्कळ असतात. मास्तर ती उघडत नसत. काठी घेऊन हिंडणाऱ्याला चार लोक विचारतात, कुठे निघालात म्हणून. छत्रीवाल्याला कोणी विचारत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

दाराकडे पाठ करून ते कुठेच बसत नसत. लग्नाच्या पंगतीत त्यांची जागा बदलता बदलता एकदा सबंध पंगत उठून पुन्हा बसली आणि वरण गार झालं. यजमान चिडले. मास्तरांनी शांतपणे भातावर तूप वाढून घेतलं आणि दाराकडे बघत जेवले. केळं खाल्लं की साल कोटाच्या खिशात घालत आणि गावाबाहेरच्या उकिरड्यापर्यंत नेत. आपल्या जिल्ह्यात दरोडेखोरांपेक्षा केळीच्या सालींनी जास्त माणसं पाडली आहेत, असं ते म्हणत. मुलींना मात्र अहोजाहो करत. बारा वर्षांच्या पोरीला "अहो वच्छलाबाई, वेणी खोचून घ्या, ती दुसऱ्याच्या हाताला दांडा आहे," असं म्हणणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

पहिलं वर्षभर त्यांनी मुलींना फक्त पळायला शिकवलं. लाठी भिंतीला टेकून उभी. गावाला वाटलं होतं, मास्तर मुलींना लाठी-बोथाटी शिकवणार, म्हणून लोक मैदानाच्या कुंपणापाशी जमत आणि कंटाळून परत जात. दुसऱ्या वर्षी लाठी हातात दिली, तीही या शब्दांत, "ही कशासाठी? समोरचा मागे सरावा आणि आपल्याला पळायला वाट मिळावी, एवढ्यासाठी." त्यांचं एक सूत्र होतं आणि ते मुलींकडून रोज म्हणून घेत. शंका आली की पळायचं, खात्री झाल्यावर पळता येत नाही. नेम धरायला त्यांनी शिकवलं नाही. तो शिकवायला गेले, तर पहिल्याच दिवशी मुलींनी पलीकडच्या बाभळीवरची मडकी एकेका गोट्यात उतरवली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नदीच्या दोन काठांवरून दोन गावांच्या पोरी शिव्या देत गोटे मारतात, हे धुळ्याच्या तालमीत कोणी त्यांना सांगितलं नसावं. त्यांनी तो तास कायमचा रद्द केला.

मग शाळेला इमारत मंजूर झाली. जागा मिळाली ती गावाबाहेर, जिनिंगच्या पलीकडे, एका मोठ्या निंबाजवळ. शाळासमितीचे अध्यक्ष जिनिंगचेच मालक. सगळे त्यांना भाऊ म्हणत. बांधकामावर देखरेख कोणी करायची, असा प्रश्न आला, तेव्हा भाऊंनी मास्तरांवर बोट ठेवलं. कारण एवढंच, की गवंड्यापर्यंत आवाज पोचेल असे तेच एक होते.

भाऊंनी त्याच दिवशी दुसरी गोष्टही सांगितली, आणि माझं सगळं लक्ष तिच्यावरच होतं. नव्या इमारतीत आठवी उघडायची. पण गावाबाहेर एवढ्या लांब मुली आल्या नाहीत, आठवीची बाकं रिकामी राहिली, तर इमारत मुलांच्या हायस्कूलला द्यायची आणि मुलींनी माडीवर सातवीपर्यंत शिकून घरी बसायचं. आठवीच्या मुली येणार त्या नाल्यापलीकडच्या खेड्यातून, आणि त्या खेड्यात एका म्हाताऱ्याचा शब्द चाले. त्यांना सगळे आबा म्हणत. वच्छला त्यांची नात. वर्गात पहिली, लाठीतही पहिली. तिला पुढे शिकून माझ्यासारखी बाई व्हायचं होतं. हे तिनं मला एकदाच सांगितलं, तेही फळा पुसता पुसता. मी त्या दिवसापासून आबांना दुरून नमस्कार करायला लागले.

आबांचं म्हणणं सरळ होतं. लांब शाळा, वाटेत नाला, आणि वर पोरी मारामारी शिकतात. लाठी फिरवणाऱ्या पोरीला कोण करून घेणार?

इकडे मास्तरांनी इमारतीची तालीम करून टाकली. कामावर येताना प्रत्येकानं आधी वर बघायचं, मग आत पाऊल टाकायचं. गवंडी असो, पाणी आणणारी असो, पाहायला आलेले भाऊ असोत. परांचीखालून, म्हणजे भिंतीलगतच्या बांबू-फळ्यांच्या माचाखालून, कोणी जायचं नाही, तिथे गवतसुद्धा उगवू देऊ नये, असा त्यांचा नियम होता. संध्याकाळी सुटायच्या आधी सगळ्यांनी वाकून खिळे वेचायचे. बायकांनी तान्ही पोरं झोळीत घालून परांचीच्या बांबूला टांगली होती. ती सगळी निंबाला नेऊन बांधली. दोर मात्र ते स्वतः तपासत. रोज सकाळी प्रत्येक दोर दोन्ही हातांनी ताणून बघायचा, चांगला निघाला की त्याच्या टोकाला गेरू लावायचा. गेरू नसलेला दोर परांचीला बांधलेला दिसला, की काम बंद.

बायकांच्या टोळीची मुकादम भागाबाई. तिला हे सगळं पोरखेळ वाटे. ती म्हणे, हा माणूस भिंत बांधत नाही, भिंतीला भितो. मास्तरांच्या कानावर ते गेलं. ते म्हणाले, बरोबर आहे.

मुलींची कवायत आता त्याच मोकळ्या जागेवर होई. एक शिट्टी वाजली की हातातलं सगळं टाकून, मागे न बघता, निंबापाशी पळायचं. मग मास्तर येऊन एकच प्रश्न विचारत, "सगळ्या आल्या का?" मुली कधी पुस्तक हातात घेऊन पळाल्या, तर त्या दिवशी पुन्हा पळावं लागे. पुस्तक दुसरं मिळतं, म्हणत.

ओरडायचं कसं, हाही एक धडा होता. 'वाचवा' म्हणून ओरडू नका, लोक दारं लावून घेतात. 'आग' म्हणा. कापसाच्या गावात आग म्हटलं की मेलेलासुद्धा बादली घेऊन येतो. मुलींनी हे पहिल्यांदा मोकळ्या आवाजात म्हणून पाहिलं, त्या दिवशी जिनिंग बंद पडलं. सगळे कामगार बादल्या, रेतीचे डबे घेऊन धावत आले. आग कुठेच नव्हती. पण एवढं पळत आल्यावर परत जायचं कसं, म्हणून त्यांनी भागाबाईची चूल भाकरीसकट विझवली. भाऊ जोडे हातात घेऊन आले आणि खूप बोलले. मास्तरांनी ऐकून घेतलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, किती माणसं आली पाहिलीत? 'वाचवा' म्हटलं असतं तर दोन आली असती, तीही बघायला." त्यानंतर तो धडा भाऊंच्या हुकमावरून बंद झाला. म्हणजे मास्तरांनी तो चालूच ठेवला, पण मुलींना 'आग' कुजबुजत म्हणावी लागे.

इमारत आढ्यापर्यंत आली तेव्हा भाऊंनी ठरवलं, की लोकांची भीती घालवायला मुलींच्या लाठीचा जाहीर कार्यक्रम करायचा, नव्या जागेवर आणि आखाजीच्या दिवशी. शेतीची कामं नसतात, लेकी माहेरी आलेल्या असतात, खेड्यापाड्यातून माणसं येतील. मास्तर म्हणाले, सणाच्या दिवशी कामाच्या जागेवर माणूस नको. भाऊ म्हणाले, मास्तर, तुम्ही लाठीचं बघा. आबांनी निरोप पाठवला, की कार्यक्रम बघतो आणि मग पोरीचं ठरवतो. मी चार दिवस नीट जेवले नाही.

कार्यक्रमाला खरंच जत्रा लोटली. पुढे खुर्च्यांवर भाऊ आणि पाहुणे, मागे खाली बसलेली खेडी, आबा पागोटं बांधून पुढच्याच ओळीत. निंबाला मोठा झोका बांधलेला आणि त्यावर माहेरवाशिणी आळीपाळीनं उंच जात होत्या. गावातल्या टोळभैरवांना खाली जागा मिळाली नाही म्हणून ते परांचीवर चढून पाय सोडून बसले. मास्तरांना पाहुण्यांना हार घालायच्या कामाला लावलं होतं, त्यामुळे सकाळी त्यांना आपले दोर बघता आले नव्हते.

मुली दोन ओळींत उभ्या राहिल्या. वच्छला पुढे. नमस्काराचा हात झाला, पहिला फेरा झाला, लोक माना डोलवू लागले. भाऊंनी पाहुण्यांकडे पाहिलं. मी आबांकडे पाहत होते. त्यांचा चेहरा बाजारात बैल बघतानाचा असतो तसा होता.

मास्तर निंबाकडे बघत होते. झोका वर गेला आणि त्याच्या दोराचं टोक उन्हात लाल दिसलं. गेरू. मास्तरांनी मान वळवून परांचीकडे पाहिलं. मग शिट्टी वाजवली.

मुली थांबल्या नाहीत, विचारलं नाही, एकमेकींकडे बघितलं नाही. लाठ्या टाकल्या आणि पाहुण्यांच्या देखत पळत सुटल्या. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच सगळ्या निंबापाशी, झोक्याभोवतीच्या माहेरवाशिणींच्या गराड्यात जाऊन उभ्या. मैदानात नुसत्या लाठ्या पडलेल्या. क्षणभर कोणाला काही कळलं नाही, आणि मग सगळी जत्रा हसली. परांचीवरचे टोळभैरव मांड्या बडवून हसू लागले. त्या हिसक्यांनी बांबू करकरला. तो आवाज मी ऐकला.

मास्तर त्यांच्याजवळ गेले आणि खाली उतरा म्हणाले. कोणी उतरेना. तेव्हा या माणसानं, ज्यानं भाऊंनाही परांचीखालून जाऊ दिलं नव्हतं, छत्री भिंतीला टेकवली आणि परांचीखाली शिरून कोपऱ्याच्या बांबूला खांदा दिला. तिथून साध्या आवाजात म्हणाले, "एकेकानं. मागच्या बाजूनं. घाई नाही." मी तोंडावर पदर धरला. भाऊंना वाटलं, मास्तर आणखी शोभा करतायत. ते पोरांवर खेकसले, तेव्हा ती कुरकुरत उतरली. शेवटचा उतरल्यावर मास्तर बाहेर आले, कोट झटकला आणि छत्री घेतली. पडलं काहीच नाही.

भाऊंनी कार्यक्रम संपल्याचं जाहीर केलं. उठता उठता म्हणाले, "मास्तर, पोरींना पळायला शिकवायला शाळेनं पगार द्यायचा का?"

"पळता सगळ्यांनाच येतं भाऊ. वेळेवर येत नाही."

लोक पांगले. लोकांना घरी जाऊन सांगायला एक गोष्ट मिळाली होती. मी तिथेच राहिले, कारण घरी जाऊन रडण्यापेक्षा मोकळ्या हवेत रडणं बरं. आबा आणि वच्छलाही होते, त्यांची दमणी जुंपायची होती. मास्तरांनी भागाबाईला बोलावलं आणि दोराचं विचारलं. ती बिलकूल वरमली नाही.

"आज कोन चढनार व्हतं मास्तर? आखाजीले काम बंद. भिंतले जुना दोर चालस. लेकी वरीसमा एकदाव येतस, त्यासले चांगला दोर नको का?"

खाटांची जुनी सुंभं सोडून तिनं परांचीला बांधली होती आणि गेरूचे दोर झोक्याला नेले होते. सगळ्या गावात लेकींना बसवण्याइतका भरवशाचा दोर तिला एकच ठाऊक होता, मास्तरांनी तपासलेला. मास्तरांनी झोक्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. चुकलं ते एवढंच, की मला सांगितलं नाही." भागाबाई झोका सोडायला निघाली, तर त्यांनी तिला थांबवलं. आज झोकाच राहू दे म्हणाले.

मग आम्हा सगळ्यांना लांब उभं करून, त्यांनी छत्रीची मूठ कोपऱ्यावरच्या सुंभात अडकवली आणि ओढली. सुंभ तुटलं. फळ्या एकीवर एक खाली आल्या, बांबू त्यांच्यावर आले आणि भुईवर धूळ उठली. वच्छलेनं आबांचा हात धरला होता.

आबा मास्तरांजवळ गेले. "मास्तर, लाठी फिरावनारी पोर माले नको. आजबी नको. पन एक शिट्टीमा पयनारी पोर..." ते थांबले आणि नातीकडे पाहिलं. "ती घर येस." मग दमणीत चढले. मी हात जोडून विचारलं, मग आठवीचं? जूनमध्ये बघू, एवढंच म्हणाले.

जून आला. शाळा उघडली. मास्तरांनी फाटकाशी उभं राहून प्रत्येक मुलीला वर बघायला लावून आत सोडलं. आठवीच्या वर्गात मी उभी आणि समोर गावातल्याच चार मुली. भाऊ येऊन खुर्चीवर बसले आणि घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. सोबत मुलांच्या हायस्कूलचे हेडमास्तर होते आणि ते खिडक्या उघडून लावून बघत होते. प्रार्थना झाली. पहिला तास झाला. नाल्याची वाट खिडकीतून दिसायची, तिच्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. भाऊंनी घड्याळ उचललं आणि म्हणाले, बाई, वाईट वाटून घेऊ नका.

मास्तर फाटकातून हलले नव्हते.

मुली आल्या त्या भलत्याच बाजूनं, जिनिंगच्या मागून. धुळीनं माखलेल्या, दम लागलेला, दप्तरं नाहीत. सगळ्यांच्या मागे आबा. पागोटं काखेत, जोडे हातात, डोकं उघडं. आम्ही सगळे बाहेर गेलो. मास्तरांनी नेहमीच्याच आवाजात विचारलं, "सगळ्या आल्या का?"

वच्छलेला बोलवेना. आबांनी गुडघ्यावर हात टेकून श्वास घेतला आणि होकाराची मान हलवली. "बठ्ठ्या उन्यात मास्तर. मी बी पयनू."

हळूहळू कळलं ते असं. आबा पहिल्या दिवशी मुलींना पोचवायला निघाले होते. नाल्याजवळ आल्यावर वच्छलेनं 'पळा' म्हटलं, तशा मुली दप्तरं टाकून मागे फिरल्या आणि खेड्यापर्यंत गेल्या. आबा वाटेत उभे राहून काय करणार, तेही पळाले. मग सगळे मिळून लांबच्या वाटेनं आले. नाल्यात काय होतं, असं भाऊंनी विचारलं. बाभळीआड कोणीतरी बसलं होतं, असं वच्छला म्हणाली. कोण? ते तिनं पाहिलं नव्हतं. बघायला ती थांबली नव्हती.

"अगं, कोणी लोटा घेऊन बसला असेल बिचारा," भाऊ म्हणाले आणि हायस्कूलचे हेडमास्तर हसले.

आबांनी भाऊंकडे पाहिलं. "व्हई. आसीन. बसू द्या त्याले."

मास्तर वच्छलेपुढे येऊन उभे राहिले. मला वाटलं, आज तरी शाबासकी देतील. ते म्हणाले, "वच्छलाबाई, उद्यापासून थोडं लवकर निघा. पळायचा वेळ धरून निघत जा."

मुली वर बघून एकेक करत आत गेल्या. आबाही निघाले, तेव्हा मास्तरांनी छत्री आडवी धरली. आबांनी मान वर करून नव्या चौकटीकडे नीट पाहिलं आणि मगच उंबरा ओलांडला. वर्गात येऊन ते दमल्यामुळे पहिल्याच बाकावर नातीशेजारी बसले. बाकं भरली होती. भाऊंनी हातातलं घड्याळ खिशात घातलं आणि मला खुर्ची मोकळी करून दिली. मला हुंदका आला तो मी खडूच्या नावावर घालून खोकले.

"बाई, हाजरी ल्या," आबा म्हणाले.

मी हजेरी घेतली. सगळ्या आल्या होत्या.